परधर्माचें अध्ययन : कशासाठीं व कसें?

धर्मांतराच्या प्रश्नावर आपल्या देशांत सांप्रत जो वाद चालला आहे, त्यांत आवाज जितका मोठा आहे तितका विचार मोठा नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें. स्वातंत्र्यानंतर ओरिसानें १९६७ सालीं व मध्यप्रदेशानें १९६८ सालीं या विषयावर कायदे केले. पुढें उत्तरप्रदेश व मध्यप्रदेश यांनीं २०२१ सालीं, हरियाणानें २०२२ सालीं व राजस्थानानें २०२५ सालीं नवे कायदे केले. एक पक्ष म्हणतो, पाद्री आमच्या भोळ्या लोकांस फसवितात. दुसरा म्हणतो, आमच्या प्रार्थनेवरही पहारा बसला. या गदारोळांत एक मूळचा प्रश्न मात्र बाजूस पडला आहे. ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयांतून हिंदु, बौद्ध, इस्लाम, यहुदी इत्यादि जगांतील प्रमुख धर्मांचें अध्ययन करविलें जातें. तें कशासाठीं? आणि दुसऱ्यास आपल्या धर्माकडे वळविण्याच्या हेतूनें त्याच्या धर्माचा अभ्यास करणें हें न्याय्य आहे कीं नाहीं?

आमच्या कित्येक मित्रांस हा अभ्यासच संशयास्पद वाटतो. त्यांच्या मतें पाद्र्यानें गीता वाचावी ती चोरानें घराचा नकाशा पाहावा तशी. ज्ञानाची ओढ हें निमित्त व दार फोडणें हें खरें कार्य. उलट कित्येक उत्साही धर्मोपदेशकांस वाटतें कीं, परधर्माचीं चार वैगुण्यें पाठ केलीं कीं अभ्यास झाला. आम्हांस या दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात. ज्यास आपलें सत्य दुसऱ्यास सांगावयाचें आहे, त्यानें त्या दुसऱ्याचें सत्य आधीं समजून घेतलेंच पाहिजे. परंतु तें असें समजून घेतलें पाहिजे कीं, त्याचें वर्णन ऐकून त्या धर्माच्या माणसानें 'होय, माझा धर्म हाच' असें म्हणावें. ही कसोटी ज्या अभ्यासास लागू पडते तो प्रामाणिक. जेथें ती लागत नाहीं तेथें विद्वत्ता कितीही असली तरी तिला खोटी साक्ष म्हटलें पाहिजे.

न्यायालयांत ज्यांचें आयुष्य जातें त्यांस हा भेद सांगावयास नको. प्रतिपक्षाची कैफियत वाचणारे वकील दोन जातींचे असतात. एक जण तींतील तारखेची चूक व शब्दाची ढिलाई तेवढी हेरून ठेवतो. दुसरा प्रतिपक्षाची बाजू त्याच्या वकिलापेक्षांही चांगली मांडून पाहतो व मग आपली बाजू तिच्यापुढें कितपत टिकते हें तपासतो. पहिल्यास एखादे दिवशीं टाळ्या मिळतील; न्यायाधीशाचा विश्वास मिळतो तो दुसऱ्यासच. धर्माच्या वादांत न्यायाधीश म्हणजे ऐकणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि होय, आणि तिला वकिलाची जात ओळखतां येते.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आपल्या घटनेच्या २५ व्या अनुच्छेदानें प्रत्येक व्यक्तीस दिला आहे. 'प्रसार' हा शब्द तेथें असावा कीं नसावा यावर घटनासमितींत डिसेंबर १९४८ मध्यें कडाक्याचा वाद झाला. लोकनाथ मिश्र यांनीं त्यास विरोध केला, कन्हैयालाल मुनशी यांनीं तो उचलून धरला, व शब्द कायम राहिला. पुढें १९७७ सालीं स्टॅनिस्लॉस खटल्यांत सुप्रीम कोर्टानें असा निर्णय दिला कीं, प्रसार म्हणजे आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगून तो पसरविणें. दुसऱ्याचें धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. या निर्णयावर विधिज्ञांनीं टीकाही पुष्कळ केली आहे. परंतु तो जसाच्या तसा मानला तरी 'समजावून सांगणें' हें कृत्य निर्वेध राहतेंच; आणि ज्यास समजावावयाचें त्याची समजूत आज काय आहे हें जाणल्यावांचून कोणासही कांहीं समजावतां येत नाहीं. सारांश, परधर्माचें अध्ययन हा प्रसाराच्या हक्काचाच एक भाग आहे. तें कसें व्हावें, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर इतिहासानें आपल्याच भूमीवर पुष्कळ वेळां दिलें आहे.

पहिला दाखला गोमंतकाचा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्यानें येथील भाषा अशी आत्मसात् केली कीं, १६१६ सालीं राशोल येथें छापलेलें त्याचें 'क्रिस्तपुराण' सुमारें अकरा हजार ओव्यांचें झालें, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याचें स्थान आजतागायत अढळ आहे. नव्या ख्रिस्ती लोकांस त्यांच्या कानाच्या ओळखीच्या छंदांत पुराण मिळावें, हा त्याचा हेतु होता. त्याच्या भाषाप्रेमाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु त्याच साष्टींत १५६७ सालीं देवळें पाडलीं गेलीं होतीं, आणि गोव्यांत १५६० पासून इन्क्विझिशनचें न्यायासन मांडलेलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. जेथें एका हातांत ओवी व दुसऱ्या हातांत राजदंड असतो, तेथें ओवी कितीही गोड असली तरी ती ऐकणाराचा होकार मोकळा आहे असें कोणासही निश्चयानें म्हणतां येत नाहीं. स्टीफन्सच्या विद्येचें मोल त्याच्या धन्याच्या सत्तेनें कमी केलें.

दुसरा दाखला चीनचा व मदुरेचा. त्याच काळांत मातेओ रिची या इटालियन जेझुइटानें चीनमध्यें कन्फ्युशिअसच्या ग्रंथांचा सखोल अभ्यास केला, तेथील पंडितांचा वेष घेतला, व १६०३ सालीं चिनी भाषेंत ग्रंथ लिहून आपला धर्म त्यांच्या परिभाषेंत मांडला. पूर्वजांस वंदन करणें ही मूर्तिपूजा नसून कृतज्ञता आहे, असें त्यास दिसून आलें. दक्षिणेंत रोबेर्तो दे नोबिली यानें १६०६ नंतर मदुरेस संन्याशाचा आचार स्वीकारून संस्कृत व तामिळ यांचें अध्ययन केलें. या दोघांपाशीं तोफ नव्हती, केवळ विद्या होती. चीनच्या कांग्शी बादशहानें १६९२ सालीं ख्रिस्ती उपासनेस मोकळीक दिली ती याच विद्येचें फळ होय. परंतु रोममध्यें बसलेल्या धर्माधिकाऱ्यांनीं १७०४ व १७१५ सालीं पूर्वजपूजेच्या त्या विधींस मनाई केली आणि १७४२ सालीं ती कायमची ठरविली. चीनच्या दरबारानेंही १७२४ सालीं धर्मप्रसार बंद करून टाकला. ही मनाई सैल होण्यास १९३९ साल उजाडावें लागलें. ज्यांनीं जवळून पाहिलें त्यांचें म्हणणें लांबून पाहणारांनीं फेटाळलें, आणि या चुकीची किंमत त्यांच्याच धर्मास जवळजवळ दोनशें वर्षें द्यावी लागली.

तिसरा दाखला मुंबईचा. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले. ते मोठे उद्योगी होते. मराठी, गुजराथी, संस्कृत व पारशांची धर्मभाषा यांत त्यांनीं परिश्रम केले. त्यांच्या नांवाचें कॉलेज आजही विद्यादान करीत आहे. परंतु त्यांच्या अभ्यासाचा रोख छिद्रान्वेषणाकडे होता. हिंदुधर्मावर १८३२ व १८३४ सालीं त्यांनीं जीं पुस्तकें लिहिलीं त्यांस त्यांनीं स्वतःच 'हिंदुधर्माचें पितळ उघडें करणें' अशा अर्थाचें नांव दिलें. १८३९ सालीं त्यांच्या शाळेंतील दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें, आणि सर्व पारशी समाज हादरला. १८४३ सालीं विल्सनांनीं पारशी धर्मावर मोठा टीकाग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा परिणाम काय झाला? पारशी लोक ख्रिस्ती झाले नाहींत. आपल्याच धर्मग्रंथांचा अर्थ आपणांस नीट ठाऊक नाहीं, या जाणिवेनें ते जागे झाले. १८५१ सालीं नौरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजी आदिकरून सुधारकांनीं रहनुमाई मझ्दयस्न सभा स्थापिली, व पुढें खरशेदजी रुस्तुमजी कामा यांनीं युरोपांत जाऊन अवेस्ता भाषेचें शास्त्रीय ज्ञान संपादिलें. हिंदूंच्या बाजूनें १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशीं जाहीर वाद केले. टीकेनें प्रतिपक्षाचें धर्मांतर झालें नाहीं. त्याचें जागरण झालें. हें विल्सनसाहेबांच्या मनांत नव्हतें. पण त्याबद्दल त्यांचे आभार मानण्यास हरकत नाहीं.

आतां चौथा दाखला. आमच्या मतें तो सर्वांत बोधप्रद आहे. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानें १८३९ सालीं 'मतपरीक्षा' नांवाचा ग्रंथ संस्कृत पद्यांत लिहिला व ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ ठरविण्याचा यत्न केला. त्यास तीन पंडितांनीं संस्कृतांतच उत्तरें दिलीं. त्यांतील एक काशींत राहणारे तरुण कोंकणस्थ ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोरे. त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १८४४ च्या सुमाराचा. उत्तर देण्यासाठीं शास्त्रीबोवांनीं ख्रिस्ती ग्रंथ वाचण्यास घेतले. वाद वाढत गेला, आणि १८४८ सालीं त्यांनीं स्वतःच बाप्तिस्मा घेतला. म्यूरसाहेबांचें काय झालें? हिंदुधर्माचें खंडन करण्यासाठीं ज्या संस्कृत ग्रंथांत ते शिरले त्या ग्रंथांनीं त्यांस बाहेर पडूं दिलें नाहीं. मूळ संस्कृत वचनांचा संग्रह व भाषांतर करणारे त्यांचे पांच खंड पंडितांत मान्य झाले, आणि १८६२ सालीं एडिंबरो येथील विद्यापीठांत संस्कृताचें अध्यापकपद त्यांच्याच देणगीनें निर्माण झालें. आक्रमण करणारा अभ्यासक झाला, व बचाव करणारा अनुयायी झाला! येथें कोणीं कोणास जिंकलें हें सांगणें कठीण आहे. परंतु एवढें खास कीं, दोघांनींही दुसऱ्याचें पुस्तक खरोखरच वाचलें होतें. खरें वाचन हें दुधारी असतें; ज्यास स्वतः बदलण्याची तयारी नाहीं, त्यानें दुसऱ्यास बदलण्याच्या हेतूनें वाचावयास बसूं नये.

याच गोरेशास्त्र्यांच्या विचारांचा प्रभाव पुढें पंडिता रमाबाईंवर पडला. १८८३ सालीं त्यांनीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्मा घेतल्यावरही, आपण हें मानावें व तें मानूं नये असें सांगणाऱ्या धर्मगुरूंशीं व भगिनींशीं त्या निकरानें वाद घालीत राहिल्या. धर्मांतर करणारा प्रत्येक मनुष्य दावणीचा बैल असतो, त्यास कोणी तरी ओढून नेतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं रमाबाईंचीं पत्रें अवश्य वाचावीं.

महाराष्ट्रांत या अभ्यासाचें सौम्य व फलदायी रूपही दिसून आलें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. परंतु त्यांनीं तुकोबांस सोडलें नाहीं. अभंग व कीर्तन यांच्या द्वारें त्यांनीं आपली नवी भक्ति गायिली. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनीं एकनाथ, बहिणाबाई, महीपति इत्यादि संतांचे ग्रंथ इंग्रजींत आणण्यांत आपलें उत्तरायुष्य वेंचलें, व निकोल मॅक्निकल यांनीं १९१९ सालीं मराठी संतांच्या अभंगांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. हे गृहस्थ मिशनरी होते, आपला धर्म श्रेष्ठ मानीत होते, व तसें म्हणण्यास लाजतही नव्हते. तथापि वारकऱ्यानें त्यांचें वर्णन ऐकलें तर तो आपल्या विठोबास त्यांत ओळखील. वर सांगितलेली कसोटी यांस लागू पडते.

ख्रिस्ती जगाच्या मतांतही या काळांत मोठी घडामोड झाली. १९१० सालीं एडिंबरो येथें भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेनें इतर धर्मांच्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र समिति नेमून प्रत्यक्ष काम करणाऱ्या मिशनऱ्यांकडून लेखी उत्तरें मागविलीं. त्यांत परधर्माशीं सहानुभूतीनें वागण्याचा सूर उमटला. १९१३ सालीं फर्कुहार यांनीं, ख्रिस्त हा हिंदुधर्माचा मुकुट होय, असा सिद्धांत मांडला. निंदेपेक्षां ही भाषा खचित बरी. परंतु दुसऱ्याचें घर चांगलें आहे, फक्त छप्पर आमचें बसविलें म्हणजे झालें, असें म्हणणें ही सौजन्याच्या वेषांतील बढाईच होय. उलट १९३८ सालीं मद्रासेजवळ तांबरम् येथें भरलेल्या परिषदेसाठीं हेंड्रिक क्रेमर या डच पंडितानें असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक धर्म ही एक अखंड वस्तु आहे. तिचे तुकडे तोडून आपल्या इमारतींत बसवितां येत नाहींत. त्याचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं, परंतु प्रत्येक धर्म त्याच्याच अंगानें समजून घ्यावा हें त्याचें म्हणणें योग्य आहे. १९६५ सालीं रोमच्या धर्मसभेनें इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे तें आपण नाकारीत नाहीं असें जाहीर केलें, आणि त्याच वर्षीं धार्मिक स्वातंत्र्य हा मनुष्यमात्राचा हक्क असल्याचेंही मान्य केलें. शेवटीं २०११ सालीं रोमन कॅथलिक, जागतिक चर्च परिषद व इव्हँजेलिकल या तिन्ही पंथांच्या जागतिक संस्थांनीं मिळून प्रसारकार्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत लोकांच्या दारिद्र्याचा फायदा घेऊं नये, इतर धर्मांविषयीं खोटी साक्ष देऊं नये, व त्या धर्मांचें ज्ञान त्यांच्या अनुयायांचा दृष्टिकोन लक्षांत घेऊन मिळवावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. प्रत्येक धर्मोपदेशकाच्या खिशांत हे नियम असावेत. आणि जो ते मोडील त्यास प्रथम त्याच्याच चर्चनें जाब विचारावा. अभ्यास प्रामाणिक असला म्हणजे संस्थाही कशा पालटतात याचें उदाहरण हवें असल्यास हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट पाहावी. मुसलमानांत धर्मप्रसार करणारांस इस्लामचें शिक्षण मिळावें म्हणून १९३० सालीं ती लाहोरास निघाली. आज हैदराबादेंत ती धर्माधर्मांतील सलोख्याचें काम करीत आहे.

येथवर आम्हीं पाद्र्यांस उपदेश केला. आतां स्वजनांस दोन शब्द सांगणें हें आमचें कर्तव्य आहे. कारण राष्ट्राभिमान म्हणजे आपल्या दोषांवर पांघरूण घालणें नव्हे. पाद्री आमचे ग्रंथ वाचतो म्हणून आम्ही रागावतों. परंतु आम्ही त्याचे ग्रंथ किती वाचले आहेत? सुशिक्षित म्हणविणाऱ्या आमच्या शेंकडों बांधवांस कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांतील भेद सांगतां येत नाहीं. पोर्तुगीज १४९८ सालीं येण्यापूर्वीं कित्येक शतकें केरळांत ख्रिस्ती समाज नांदत होता, हेंही त्यांस ठाऊक नसतें. मशिदीच्या शेजारीं जन्म काढून कुराणाचें भाषांतर कधीं उघडलें नाहीं, असे तर घरोघर आहेत. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि परत येऊन १९०६ सालीं अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीं मिशन काढलें. परधर्माच्या विद्येनें त्यांचा स्वदेश सुटला नाहीं. स्वदेशांतील अन्याय त्यांस अधिक स्पष्ट दिसूं लागला. हा कित्ता आम्हीं पुढें किती गिरविला?

आणि मुख्य गोष्ट ही कीं, लोक धर्म सोडतात ते बहुधा पाद्र्याच्या पुस्तकामुळें नव्हे, तर आमच्या वर्तनामुळें. महाडच्या तळ्याचें पाणी १९२७ सालीं व काळाराम मंदिराचें दार १९३० सालीं ज्यांस मिळालें नाहीं, त्यांच्या पुढाऱ्यानें १९३५ सालीं येवल्यास आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें. ख्रिस्ती, मुसलमान व शीख पुढाऱ्यांनीं आपापलीं दारें त्यांस उघडीं केलीं. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घाई केली नाहीं. निरनिराळ्या धर्मांचा विचार करीत त्यांनीं एकवीस वर्षें घालविलीं, व १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बौद्धधर्माची दीक्षा घेतली. परधर्माचें अध्ययन हें केवळ प्रसार करणाराचें काम नव्हे. ज्यास निवड करावयाची आहे त्याचा तर तो पहिला हक्क आहे, हें त्या एका उदाहरणानें कायमचें सिद्ध झालें आहे.

म्हणून कायद्याविषयीं आमचें मत असें. जबरदस्ती, फसवणूक, धमकी यांस कडक शिक्षा असावी; मग ती कोणत्याही धर्मासाठीं होवो. परंतु धर्म बदलूं इच्छिणाऱ्या सज्ञान मनुष्यानें साठ दिवस आगाऊ कलेक्टरास वर्दी द्यावी, असें उत्तरप्रदेशाच्या कायद्याप्रमाणें ठरविणें म्हणजे मनुष्याच्या अंतःकरणास परवान्याची वस्तु बनविणें होय. अशाच आगाऊ नोटिशीचें कलम हिमाचल प्रदेशच्या हायकोर्टानें २०१२ सालीं रद्द ठरविलें होतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्या धर्मानें शंकराचार्यांस मंडनमिश्रांच्या दारीं वादास पाठविल्याची कथा अभिमानानें जपली, त्याच्या रक्षणास फौजदाराची गरज पडावी, ही त्या धर्माची शोभा नव्हे.

याऐवजीं करण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या विद्यापीठांत सर्व प्रमुख धर्मांचें अध्ययन सुरू व्हावें, आणि प्रत्येक धर्म शक्य तेथें त्या धर्माच्या जाणत्या माणसानें शिकवावा. ख्रिस्ती विद्यालयांनीं हिंदुधर्म शिकविण्यास हिंदु पंडितास व इस्लाम शिकविण्यास मौलवीस पाचारण करावें. आमच्या मठांनीं व पाठशाळांनींही पाद्र्यास व्याख्यानास बोलवावें. जो आपला धर्म सांगावयास येईल त्यास बसावयास पाट द्यावा, त्याचें ऐकावें, व मग आपलेंही त्यास ऐकवावें. ज्यास हें भय वाटतें, त्यास पाद्र्याचें भय नाहीं. आपल्या घरांत काय आहे हें पाहण्याचें भय आहे.